रिव्हर राफ्टिंग: आपल्या अनुभवाला साजेशी नदी कशी निवडावी

राफ्टिंगसाठी नदी ठरवताना बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात: तिथले रॅपिड्स, म्हणजे नदी उतारावर खळाळत वेगाने वाहते त्या जागा, कितव्या ग्रेडचे (काठिण्याच्या श्रेणीचे; १ सर्वांत सोपी, ६ सर्वांत अवघड) आहेत? प्रश्न योग्य आहे, पण तेवढ्यावर निर्णय घेता येत नाही. सोबत मुरलेला गाइड असेल, तर राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीत, बसलेला नवखा माणूसही आपल्या कुवतीपेक्षा बरीच अवघड नदी सहज पार करून येतो आणि ती आपल्याला जमली असे समजतो. प्रत्यक्षात त्याची कुवत तो राफ्टमधून पाण्यात फेकला गेल्यावरच कळते. म्हणून नदीची निवड करताना राफ्टमधल्या माणसाचा नव्हे, पाण्यात पडलेल्या माणसाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या नदीच्या सर्वांत अवघड रॅपिडमध्ये मी पडलो, तर पुढची दोन-तीन मिनिटे मला निभावता येतील का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहेत.

पायरी १: आधी स्वतःची पारख

पोहता येणे आणि खळाळत्या पाण्यात निभावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे अशा पाण्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. लाइफ जॅकेट असूनही काही सेकंद डोके पाण्याखाली राहू शकते. त्या सेकंदांत जो घाबरून तोंड उघडतो, त्याच्या पोटात आणि फुप्फुसात पाणी जाते. जो श्वास रोखून शांत राहतो, तो जॅकेटमुळे आपोआप वर येतो. म्हणून तलावात किती फेऱ्या मारता येतात यापेक्षा नाकातोंडाशी अचानक पाणी आल्यावर आपले काय होते, हे ठाऊक असणे जास्त महत्त्वाचे आहे. पोहता न येणारी व्यक्ती सोप्या नदीवर जॅकेट घालून जाऊ शकते, मात्र श्रेणी ३ च्या पुढे तिने जाऊ नये.

अनुभव मोजताना फेऱ्यांची संख्या मोजू नये. श्रेणी ४ च्या नदीवर चार वेळा राफ्टच्या मध्यभागी बसून आलेल्या माणसापेक्षा, श्रेणी ३ वर स्वतः वल्हे मारलेला, एकदा पाण्यात पडून पोहत काठाला लागलेला किंवा मदतीला फेकलेली दोरी पकडून बाहेर आलेला माणूस जास्त अनुभवी असतो. अनुभव शिळाही होतो. पाचेक वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आज नदी निवडायची असेल, तर एक श्रेणी खाली येऊन सुरुवात केलेली बरी.

हृदयविकार, दमा, अपस्मार, पाठीची किंवा मानेची जुनी दुखापत आणि गर्भावस्था यांबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे आणि आयोजकांनाही सांगावे. खांदा पूर्वी निखळलेला असेल, तर विशेष काळजी घ्यावी, कारण वल्हे पाण्याच्या जोरात अडकल्यावर किंवा पाण्यातून राफ्टमध्ये ओढून घेताना तोच खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता असते. गट असेल, तर नदी गटातल्या सर्वांत कच्च्या व्यक्तीला झेपेल अशी घ्यावी. ही गोष्ट सगळ्यांना पटते आणि तरीही पाळली जात नाही, कारण त्या व्यक्तीला कोणी मोकळेपणाने विचारतच नाही.

पायरी २: श्रेणींचा अर्थ नीट समजून घ्या

नद्यांच्या काठिण्याची आंतरराष्ट्रीय पट्टी सहा श्रेणींची आहे. श्रेणी १ म्हणजे वेगाने वाहणारे, किरकोळ लाटांचे पाणी. श्रेणी २ मध्ये रॅपिड्स असतात, पण वाट रुंद आणि दुरून दिसणारी असते. श्रेणी ३ मध्ये लाटा मध्यम पण अनियमित होतात, अडथळे चुकवत राफ्ट वळवावी लागते. पडलेल्या माणसाला इजा होणे विरळ असते आणि तो सहसा स्वतः काठाला लागू शकतो, मात्र फार लांब वाहत जायचे नसेल तर इतरांची मदत लागू शकते. श्रेणी ४ चे पाणी जोरकस असते, पण त्याच्या वागण्याचा अंदाज बांधता येतो; तिथे राफ्ट अचूक चालवावी लागते आणि पडलेल्याला इजा होण्याचा धोका मध्यमपासून बराच जास्त असतो. श्रेणी ५ मध्ये रॅपिड लांबलचक, अडथळ्यांनी भरलेला किंवा अतिशय उग्र असतो आणि तज्ज्ञांनाही बचाव करणे अवघड जाते. श्रेणी ६ ही जवळजवळ कोणी न केलेल्या, चूक झाल्यास जीवावर बेतणाऱ्या पाण्यासाठी राखलेली आहे आणि पर्यटकाने तिचा विचारही करू नये.

या व्याख्यांमध्ये प्रत्येक वेळी पडलेल्या माणसाचे काय होईल याचा उल्लेख येतो. श्रेणी ३ आणि श्रेणी ४ यांमधला खरा फरक लाटांच्या उंचीत नसून इथे आहे. २ वरून ३ वर जाणे ही नेहमीची प्रगती असते. ३ वरून ४ वर जाताना मात्र "पडलो तरी बहुतेक काही होणार नाही" हा आधार सुटतो.

नदीच्या माहितीत कधी "३ (४)" असे लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ असा, की टप्पा एकूण श्रेणी ३ चा असून त्यात एखादा रॅपिड श्रेणी ४ चा आहे आणि तो बहुधा काठाने चालत टाळता येतो. टाळता येतो का, हे मात्र विचारून खात्री करावी, कारण दोन्ही बाजूंना उभे कडे असलेल्या घळीत चालायला काठच नसतो. शिवाय सगळीकडे हीच पट्टी वापरतात असेही नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्रँड कॅन्यनमध्ये रॅपिड्सना परंपरेने १ ते १० असे आकडे दिले जातात. तिथला ५ म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रेणी ५ नव्हे.

पायरी ३: श्रेणीच्या आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टी तपासा

एकाच श्रेणीच्या दोन नद्या पडलेल्या माणसाला अगदी वेगवेगळी वागणूक देतात. आफ्रिकेत व्हिक्टोरिया धबधब्याखालच्या घळीतली झांबेझी आणि नेपाळमधली भोटे कोशी या दोन्ही नद्यांची गणना कठीण नद्यांत होते. झांबेझीत पाणी प्रचंड आणि खोल आहे. लाटा राफ्टहून उंच उठतात, राफ्ट उलटणे ही तिथे नित्याची बाब आहे; पण पाणी कोमट आहे आणि बहुतेक रॅपिड्सनंतर संथ डोह येतो, जिथे माणसे गोळा करून पुन्हा राफ्टमध्ये घेता येतात. भोटे कोशी अरुंद, तीव्र उताराची आणि दगडधोंड्यांनी भरलेली आहे, पाणी हिमालयातून येणारे थंड आहे आणि एक रॅपिड संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो. झांबेझीत माणूस गटांगळ्या खातो. भोटे कोशीत तो दगडांवर आपटतो. भित्र्या पण धडधाकट माणसाला यांपैकी कोणती नदी सुचवावी, हे श्रेणीचा आकडा सांगू शकत नाही.

तेव्हा पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाण्याचे प्रमाण. दुसरी, उतार: दर किलोमीटरला नदी किती मीटर उतरते. उतार कमी म्हणजे नदी सोपी, असा निष्कर्ष काढू नये. ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो किलोमीटरमागे सरासरी जेमतेम दीड मीटर उतरते, पण तो उतार मोजक्या जागी एकवटलेला असल्यामुळे तिथले मोठे रॅपिड्स जबरदस्त आहेत. म्हणून तिसरी गोष्ट, रॅपिड्सची मांडणी. रॅपिड, मग डोह, मग रॅपिड अशी रचना नवख्यांसाठी उत्तम; सलग रॅपिड्सच्या नदीवर एकदा पडलेला माणूस शेकडो मीटर वाहत जाऊ शकतो. चौथी, पाण्याचे तापमान. बर्फाच्या पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो आणि साधारण दहा मिनिटांत हातापायांतली ताकद जाऊ लागते. दोरी समोर असूनही ती धरता येत नाही. पाचवी, मदत किती दूर आहे. पाण्याचे तापमान १० अंश सेल्सिअसपेक्षा कमी असेल किंवा सफर दुर्गम भागात अनेक दिवसांची असेल, तर नदी एक श्रेणी वरची धरावी, असा संकेत खुद्द त्या आंतरराष्ट्रीय पट्टीतच दिलेला आहे. लडाखमधल्या झंस्कारसारख्या, हिमनद्यांच्या पाण्यावर वाहणाऱ्या, दुर्गम दरीतल्या नदीकडे याच नजरेने पाहायला हवे.

आकडा उलट्या बाजूनेही फसवतो. न्यूझीलंडमधल्या काइतुना नदीवर राफ्ट सुमारे ७ मीटर उंचीच्या तुतेआ धबधब्यावरून खाली उतरते. श्रेणी ५ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टप्प्यावर पहिल्यांदाच राफ्टमध्ये बसणारे पर्यटकही नेले जातात, कारण धबधब्याखाली खोल डोह आहे, सफर छोटी आहे आणि गाइडना तिथला इंच न् इंच पाठ आहे. अशी सफर जरूर करावी. पण त्यानंतर स्वतःला श्रेणी ५ चा अनुभवी समजून दुसऱ्या नदीवर नाव नोंदवू नये.

पायरी ४: मोसम आणि त्या दिवसाचे पाणी

श्रेणी ही नदीची कायमची ओळख नसते. ती एका विशिष्ट रॅपिडला, विशिष्ट पातळीच्या पाण्यात दिलेली असते. पाणी वाढले की वेग वाढतो आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. काही रॅपिड्स भरल्या पाण्यात बुडून सपाट होतात, काही अक्राळविक्राळ होतात आणि डोह मात्र जवळजवळ सगळेच नाहीसे होतात. पुरात काठावरची झाडे पाण्यात येतात. फांद्यांच्या जाळीतून पाणी पार होते, पण माणूस अडकतो. म्हणून एरवी श्रेणी २ ची असलेली नदी पुराच्या दिवशी उन्हाळ्यातल्या श्रेणी ४ पेक्षा घातक ठरू शकते.

नदीला पाणी कुठून मिळते, यावरून तिचे वेळापत्रक कळते. पावसावरच्या नद्या काही तासांत फुगतात. ऋषिकेशजवळ गंगेवरचे राफ्टिंग जुलै-ऑगस्टमध्ये बंद ठेवतात ते यासाठीच. बर्फावरच्या नद्या उन्हाळ्यात भरतात आणि दिवसभरातही बदलतात: दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी संध्याकाळी किंवा त्याहून उशिरा खाली पोहोचते, त्यामुळे अशा नदीवर सकाळी लवकर निघणे शहाणपणाचे असते. झांबेझीचे गणित आणखी वेगळे आहे. साधारण ऑगस्ट ते डिसेंबर या काळात पाणी कमी असते, तेव्हा रॅपिड्स सर्वांत जास्त आणि धारदार असतात. ऐन भरतीत मात्र घळीतला बराचसा भाग राफ्टिंगसाठी बंद असतो.

नवख्यांना मी धरणाखालची नदी आधी सुचवीन. सोडलेले पाणी बहुतांशी ठरलेल्या प्रमाणात येते, त्यामुळे काल जी नदी होती तीच आज मिळते. कोलाडजवळच्या कुंडलिकेवर भिरा जलविद्युत केंद्रातल्या वीजनिर्मितीनंतर सुटणाऱ्या पाण्यावर राफ्टिंग चालते आणि श्रेणी २-३ चा तो टप्पा पहिल्या अनुभवासाठी चांगला आहे. पण धरणाखालची प्रत्येक नदी सौम्य असते असे नाही: अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर दर शरद ऋतूत समर्सव्हिल धरणातून पाणी सोडतात, तेव्हा तिचा वरचा टप्पा श्रेणी ५ चा होतो. धरणाखालचे पाणी बरेचदा जलाशयाच्या तळातून येते आणि म्हणून ऐन उन्हाळ्यातही थंडगार असते, हेही लक्षात ठेवावे.

निघण्यापूर्वी त्या दिवसाचा विसर्ग क्युसेकमध्ये किती आहे आणि या टप्प्यासाठी योग्य मर्यादा कोणती, हे दोन्ही आकडे विचारावेत. नुसता एक आकडा काहीच सांगत नाही. नदीवर असताना पाणी अचानक गढूळ होणे, पाने-काटक्या वाहत येणे आणि मघाशी कोरडा असलेला दगड ओला होणे, ही पाणी चढत असल्याची लक्षणे आहेत.

पायरी ५: आपला टप्पा निवडा

नदी निवडायची म्हणजे खरे तर नदीचा टप्पा निवडायचा. ऋषिकेशची गंगा याचे उत्तम उदाहरण आहे. ब्रह्मपुरीपासूनचा सुमारे ९ किलोमीटरचा टप्पा घरच्या मंडळींसह करता येतो, शिवपुरीपासूनचा सुमारे १६ किलोमीटरचा टप्पा श्रेणी ३ ची चव देतो आणि त्याहून वर कौडियालापासून निघाले, तर "द वॉल" हा श्रेणी ४ चा रॅपिड वाटेत येतो. एकाच नदीवर पायरी पायरीने वर चढता येते, ही सोय पहिल्या वर्षी फार मोलाची असते.

अगदी पहिल्यांदा जाणाऱ्याने श्रेणी २ ते ३, दोन-तीन तास, सुखद पाणी आणि जवळून जाणारा रस्ता एवढ्यावर समाधान मानावे. या टप्प्यावर मुद्दाम करण्याजोगी एक गोष्ट म्हणजे गाइडच्या देखरेखीखाली सुरक्षित जागी पाण्यात उतरून वाहण्याचा सराव: पाठीवर तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवायचे, हातांनी दिशा द्यायची. गुडघ्याहून खोल वाहत्या पाण्यात उभे राहू नये, हा नियम इथेच अंगवळणी पडायला हवा. पाऊल दगडांच्या फटीत अडकले की प्रवाह माणसाला पुढे लोटून त्याचे डोके पाण्याखाली दाबतो.

श्रेणी ३ वर सराईतपणे वल्हे मारता येऊ लागले, गाइडची हाक ऐकताच हात आपोआप चालू लागले आणि निदान एकदा तरी पाण्यात पडून शांतपणे बाहेर आलो, की श्रेणी ४ चा विचार करावा. कोस्टारिकातली पाकुआरे, नेपाळमधली काली गंडकी अशा श्रेणी ३-४ च्या नद्या या वळणावर योग्य ठरतात. पहिली श्रेणी ४ शक्यतो कोमट पाण्याची आणि डोह असलेली निवडावी. थंडी आणि अवघडपणा या दोन नव्या गोष्टी एकाच दिवशी नकोत.

अनेक दिवसांच्या सफरी हा वेगळाच प्रकार आहे. नेपाळमधली सुन कोशीची सुमारे २७० किलोमीटरची सफर आठ-दहा दिवस चालते. तिथे रॅपिड्सपेक्षा थकवा, ऊन, ओले कपडे आणि पोटाच्या तक्रारी जास्त त्रास देतात. तिसऱ्या दिवशी अवसान गळालेल्या माणसाला माघारी फिरता येत नाही. दोन-तीन दिवसांची सफर केल्याशिवाय लांबच्या सफरीला जाऊ नये.

चिलीतली फुतालेउफू, गॉलीचा वरचा टप्पा किंवा झांबेझीसारख्या श्रेणी ५ च्या पाण्यावर जायचे, तर श्रेणी ४ चा ताजा अनुभव हवा आणि पाण्यात लांबवर वाहून गेल्यावरही डोके शांत राहते याची प्रचिती आलेली हवी.

पायरी ६: राफ्ट, गाइड आणि आयोजक

राफ्टच्या प्रकाराने नदीची अडचण तुमच्यापुरती कमी-जास्त होते. सगळ्यांनी वल्ही मारायच्या राफ्टमध्ये तुमची चूक सगळ्यांना भोवते. गाइड एकटा लांब वल्ह्यांनी चालवतो त्या राफ्टमध्ये तुम्हाला फक्त घट्ट धरून बसायचे असते. वयस्कर किंवा कमी ताकदीच्या माणसांना मोठी नदी पाहायची असेल, तर हा पर्याय उत्तम.

आयोजकाला नेमके प्रश्न विचारावेत. गाइडने याच टप्प्यावर किती मोसम काम केले आहे? त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय राफ्टिंग महासंघाचे किंवा तत्सम प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आहे का? माणसे उचलायला कयाक (निमुळती छोटी होडी) किंवा दुसरी राफ्ट सोबत असते का? कोणत्या पातळीला तुम्ही सफर रद्द करता? यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे ठाम आकडा आहे, त्याने या नदीवर कधीतरी "नाही" म्हटलेले असते. "आम्ही कधीच रद्द करत नाही" असे अभिमानाने सांगणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.

साहित्य हातात घेऊन पाहावे. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्याला खांद्याजवळून ते वर ओढायला सांगावे. जॅकेट कानापर्यंत सरकत असेल, तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. हेल्मेट डोक्यावर हलता कामा नये. पायात चप्पल नको, घट्ट बसणारे बूट हवेत.

पायरी ७: काठावरचा शेवटचा निर्णय

नदी कितीही विचार करून निवडली, तरी मोठ्या रॅपिडच्या आधी राफ्ट काठाला लागली की खाली उतरून तो स्वतः पाहावा. गाइड राफ्ट न्यायची वाट रॅपिडच्या वरच्या टोकापासून ठरवतो. तुम्ही मात्र खालच्या टोकापासून पाहायला सुरुवात करावी. रॅपिड संपल्यावर काय आहे? संथ डोह, की पुढचा रॅपिड, की पाण्यात झुकलेले झाड? मग वर यावे. प्रवाहाच्या दिशेने टोक असलेली गुळगुळीत, काळसर जीभ म्हणजे खोल पाण्याची वाट; प्रवाहाच्या विरुद्ध टोक असलेला फेसाचा कोन म्हणजे पाण्याखालचा दगड. दगडावरून पाणी कोसळून फेस उलटा मागे वळत असेल, तर त्या खळग्याची टोके पाहावीत: ती प्रवाहाच्या दिशेने वळलेली असतील तर पडलेला माणूस कडेने बाहेर फेकला जातो, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वळलेली असतील तर तो आतच फिरत राहतो. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, एकसारखी पडणारी धार दिसली, म्हणजे बहुधा बंधारा, तर दिसायला कितीही छोटी असली तरी तिच्यावरून जाऊ नये. अशा धारेखालचे उलटे फिरणारे पाणी माणसाला सोडत नाही.

हे पाहून मन नाही म्हणत असेल, तर गाइडला बाजूला घेऊन स्पष्ट सांगावे आणि तो रॅपिड काठाने चालत पार करावा. झांबेझीवर नवव्या क्रमांकाचा रॅपिड आला, की गाइडसुद्धा पर्यटकांना उतरवून काठाने चालवतात. ही मुभा आहे का आणि मधूनच बाहेर पडायचे झाल्यास वाहन कुठपर्यंत येऊ शकते, हे पैसे भरण्याआधी विचारून ठेवलेले असावे, म्हणजे ऐनवेळी काठावर उभे राहून हुज्जत घालावी लागत नाही.